बोर्डाला जाताना दाढी करू नये

आप्पा,

आज तुमच्या धाकट्याला पेन्शनच्या बोर्डापुढे नेऊन आणलं. कॅम्पातली तीच बैठी इमारत, तोच लांब व्हरांडा, फक्त आतला साहेब आता आपल्यातला आहे, मराठी बोलतो. धाकटा आता पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलाय. माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवला तो तसाच निवला. मी चुलीपाशी बसून हे लिहितेय, आणि लिहून कुठे पाठवणार हे मलाही ठाऊक नाही. पण आज जे झालं ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. आई असती तर तिलाही सांगितलं नसतं. तिनं कपाळावर हात मारला असता आणि चार दिवस जेवली नसती.

तुम्ही लढाईवरून, बसऱ्याहून आलात तेव्हा मी परकर-पोलक्यातली. अख्खं गाव वेशीपाशी. तुमच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, त्यामुळे आईनं किती वेळा मारुतीला हात जोडले असतील! खजुराचा डबा आणलात, त्यातला खजूर मी लपवून लपवून खाल्ला. पहिलं वर्ष बरं गेलं. मग रोपलावणीच्या दिवसांत एका सकाळी तुम्ही चिखलात खाली बसलात ते उठेनात. आईला वाटलं साप चावला. साप नाही, ताप नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही हिंडूफिरू लागलात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आडवे. तेव्हापासून तसंच चाललं. बरा दिवस कधी आणि वाईट कधी, याचा काही नेम नाही. आणि गावाला बरोबर बरा दिवस दिसायचा. तुम्ही पारावर जाऊन बसलात की लोक म्हणायचे, "काल तर खाटंवर हुता, आज हसतोय बघा की रं. लढाईनं आळशी केलं ह्याला." दवाखान्यातल्या डॉक्टरनं छाती तपासली, नाडी बघितली, जीभ बघितली आणि सांगितलं, काही सापडत नाही. काही सापडत नाही म्हणजे काही नाही, असा गावानं अर्थ काढला.

एकदा विहिरीवर शेजारणीनं मला विचारलं, "तुझ्या आप्पाला काय झालंय गं?" मी आपलं खरं सांगितलं, की हात कापतात, उन्हात थंडी वाजते. ते फिरून तुमच्या कानावर आलं. तुम्ही मला कधी बोट लावलं नाहीत, त्या दिवशीही नाही, पण समोर बसवून म्हणालात, "घरातलं दुखणं येशीवर टांगायचं न्हाय. परत बोललीस तर मी तुजा कोण न्हाय." आवाज चढला नाही तुमचा. चढला असता तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते. त्यानंतर मी कुणाला काही सांगितलं नाही. शाळेत नाही, सासरी नाही, निपाणीत मास्तरीण झाल्यावर इतक्या बायका ओळखीच्या झाल्या त्यांनाही नाही.

मग पलटणीतल्या कुणीतरी सांगितलं की लढाईत दुखणं लागलं असेल तर सरकार पेन्शन देतं, बोर्डापुढे उभं राहावं लागतं. पैशाचं तुम्हाला फारसं नव्हतं आप्पा, हे मला पक्कं माहीत आहे. भात होतं, म्हैस होती, मामा नांगराला येत होते. तुम्हाला पाहिजे होतं ते एवढंच, की सरकारनं एकदा म्हणावं, हा माणूस आजारी आहे, हा सोंग करत नाही. म्हणजे पारावर ताठ मानेनं बसता आलं असतं. तेवढ्यासाठी तुम्ही जायला तयार झालात.

आणि काय केलं आपण! आता आठवलं की हसू येतं आणि संतापही येतो. बोर्डाचं बोलावणं आल्यापासून आईनं तुम्हाला पाटी उचलू दिली नाही, की गोठ्यात जाऊ दिलं नाही. अंडी, दूध, कोंबडीचा रस्सा. अंगाला तेल लावून ऊन पाण्यानं अंघोळ. न्हाव्याला घरी बोलावून दाढी, मिशीला पीळ. फेटा भाताच्या पेजेत घालून असा कडक केला की उभा केला तर उभा राहावा. मी कोटाची पितळी बटणं चिंचेनं घासत बसले होते. सगळं घर लग्नाच्या तयारीला लागल्यासारखं. साहेबापुढे जायचं तर गबाळं जाऊन चालेल का? तुम्ही पलटणीचे गडी, आई पलटणीच्या गड्याची बायको. आजारी माणसानं आजारी दिसायला पाहिजे, हे आपल्या घरात कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

गाडीत तुम्ही भाताच्या पिंजरावर आडवे होऊन, घोंगडं पांघरून आलात. वाटेत दोनदा गाडी थांबवायला लावलीत. कॅम्प जवळ आल्यावर उतरलात, तोंड धुतलंत, कोट चढवलात, फेटा घातलात आणि उरलेला रस्ता चालत गेलात. आम्ही मायलेकी मागून. मी खिडकीतून बघतेय. गोरा साहेब खुर्चीत, मान खाली. तुम्ही आत गेलात आणि असा सलाम ठोकलात की त्यानं मान वर केली. "कैसा है?" तुम्ही म्हणालात, "ठीक है हुजूर!" त्यानं हात वर करायला सांगितले, तुम्ही केले. बसायला सांगितलं, बसलात. उठायला सांगितलं, उठलात. आई माझ्या कानाशी म्हणते, "बघ गं, तुजा बा कसा हुभा ऱ्हायलाय!" तिचे डोळे भरून आलेले. साहेब हसला, काहीतरी लिहिलं, संपलं. तुम्ही वळलात, फाटकाबाहेर आलात, साहेबाच्या खिडकीतून दिसणार नाही इतके लांब आलात आणि मग रस्त्याच्या कडेला कोसळलात. ओकारी झाली. नवा फेटा मातीत. गाडीवानानं आणि आईनं उचलून गाडीत घातलं.

आई वाटेत रडत म्हणाली, "आवो, तेवढा तरास त्येच्याम्होरं सांगायचा न्हाय का?"

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "सायबानं इचारलं कसा हाईस. मोडलोय म्हणून सांगू व्हय त्येला?"

बोर्डानं तुम्हाला धडधाकट ठरवलं. ते गावात कळायला वेळ लागला नाही. "सरकारनंच सांगितलं, काय झालं न्हाय त्येला." आधी नुसता संशय होता, आता त्यावर शिक्का बसला. कॅम्पातल्या अर्ज लिहिणाऱ्या एका माणसानं आईला सांगितलं होतं, पुन्हा अर्ज करा, आणि या वेळी दाढी वाढवून, फाटका सदरा घालून, काठी टेकत न्या. आईनं भीत भीत तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "खरं दुखणं हाय. त्येच्यासाठी आनी सोंग करू?" पुन्हा अर्ज गेला नाही. त्यानंतर पुष्कळ वर्षं जगलात तुम्ही, त्याला जगणं म्हणायचं तर. गेलात तेव्हा धाकटा पहिली-दुसरीत असेल. चितेपाशी तेच पारावरचे लोक म्हणाले, बसऱ्याचा जवान गेला. मला तेव्हा किती राग आला म्हणून सांगू! एकेकाच्या तोंडावर पाणी मारावंसं वाटलं.

धाकटा मोठा झाल्यावर पलटणीतच गेला. मी नको म्हणाले, त्यानं ऐकलं नाही. ब्रह्मदेशच्या लढाईतून आला तो तुमच्यासारखाच, अंगावर ओरखडा नसलेला. त्याचं दुखणं तुमच्याहून वेगळं आहे. पोटात गोळा येतो, झोप लागत नाही, घामानं अंथरूण भिजतं, जिना चढला की डोळ्यांपुढे अंधारी. पण डॉक्टरचं उत्तर तेच. काही सापडत नाही. एकानं तर सांगितलं, हे मनाचं आहे, कामाला लागा. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय, पहिलीच खेप. म्हणून मी शाळेत रजा टाकून निपाणीहून आले. बोर्डाला कसं जायचं ते आता मला चांगलं माहीत होतं. त्याला बजावलं, दाढी करायची नाही, कपडे घरातलेच घालायचे आणि विचारलं की खरं सांगायचं. त्यानं मान डोलावली. सकाळी उठून बघते तर हा आरशापुढे, गाल तुळतुळीत, बुटाला पॉलिश करतोय. मी म्हटलं, "काय केलंस रं हे?" तर म्हणाला, "आक्का, तिथं मला वळखणारी मानसं असत्यात. गबाळं कसं जाऊ?" मी कपाळ धरून बसले.

बोर्डाच्या दारात शिपाई मला आत सोडेना. मी छत्री आडवी धरली आणि म्हटलं, मी मास्तरीण आहे, पोरांना गप बसवणं माझं काम आहे, मला गप बसवू नका. तो बिचारा बाजूला झाला. आत धाकटा टाचा जुळवून उभा. टेबलामागे तिघे, मधले डॉक्टर चष्मा लावलेले, थकलेले दिसत होते. त्यांनी त्याला तपासलं, मग विचारलं, "कसं वाटतंय?" आणि आप्पा, तो म्हणाला, "ठीक आहे सर."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी उठलेच. "खोटं बोलतोय तो," मी म्हटलं. डॉक्टर बघतच राहिले. मग मी थांबले नाही. पाण्याचा तांब्या हातातून गळतो, म्हटलं. घास तोंडापर्यंत नेताना हात मध्येच थांबतो, मग ताटावर वाकून जेवावं लागतं, आणि पोरांनी बघू नये म्हणून पाठ करून बसतो. भर उन्हात घोंगडं मागतो. परसाकडे जाताना भिंत धरतो, आणि भिंत संपली की तिथंच उभा राहतो, कुणाला हाक मारत नाही, बायकोनं बघितलं तर बघितलं. बरा दिवस आला की बाहेर जाऊन बसतो आणि लोक तोच एक दिवस मोजतात. तुमच्यापुढे उभा आहे ना, तो फाटकाबाहेर जाऊन पडणार आहे, हवं तर खिडकीत येऊन बघा. माझा आवाज फाटला होता. पदर तोंडात धरला तरी रडू थांबेना. त्या खोलीत तिघे परके पुरुष, शिपाई, आणि मी शाळेतल्या पोरीसारखी हुंदके देतेय.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बसा बाई. माझा विश्वास आहे. अशी माणसं मी बघितलीत. तपासणीत सापडत नाही म्हणून दुखणं नसतं असं नाही." आणि बाजूच्यांशी इंग्रजीत काहीतरी बोलून त्यांनी धाकट्याची शिफारस करतो म्हणून सांगितलं.

टांग्यात बसलो. किल्ल्याच्या तळ्यापाशी आल्यावर तो म्हणाला, "आक्का, मला अजून पोरं न्हाईत."

मी छत्रीची वाकलेली काडी सरळ करत बसले.

"पाठ करून कोण जेवतं? मी तर तुझ्याबरूबर जेवतोय. भिंत धरून कोण जातं?" मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आप्पा का?" तो लहान होता, त्याला तुमचं फारसं आठवत नाही. मी होय म्हटलं. तेव्हा तो तोंड फिरवून बसला. "मग माझं कोण सांगणार हुतं?" एवढंच म्हणाला. घरी आल्यापासून तो तसाच पडलाय. त्याचं खरं आहे. त्याचं दुखणं त्याच्या पोटात, झोपेत आहे, आणि त्यातलं एक अक्षर मी तिथे बोलले नाही. शिफारस मिळाली, पेन्शनही मिळेल कदाचित, पण डॉक्टरांनी ज्याच्यावर विश्वास ठेवला तो माणूस धाकटा नव्हता. उद्या त्याला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावं का, त्याचं त्याला सांगू द्यावं का, याचा विचार करतेय. गेलो तर हातचं जाईल. नाही गेलो तर तो जन्मभर तुमच्या दुखण्याची पेन्शन खाईल, आणि त्याचं स्वतःचं तसंच राहील. तो उठला की त्यालाच विचारेन. या वेळी त्यानं म्हटलं तसं करायचं.

हा कागद मी चुलीत घालणार आहे, धाकट्याच्या हाती लागायला नको. पण त्याआधी एक सांगते. तो डॉक्टर "माझा विश्वास आहे" म्हणाला ना, तेव्हा धाकटा माझ्या शेजारी उभा होता, आणि आप्पा, मला बरं वाटलं ते त्याच्यासाठी नाही.