उंबऱ्यावरचे शुक्रवार

बाबा, शाळेतल्या मराठीत लिहिलं तर तुम्ही हसान, म्हणून घरच्या बोलीतच लिहून राहिली. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू आहे, आज शुक्रवार. संध्याकाळी साकोलीच्या माझ्या घरी चार घरची माणसं क्रूसाच्या वाटेची प्रार्थना कराले येतील, अन् पुस्तक माझ्या हाती राहील. तुम्ही म्हणत होते, "प्रार्थना गिळू नको वं, एकेक शब्द चावून म्हण." चावते मी. पण अपराधांच्या क्षमेची ओळ आली का माझी जीभ पळते. पस्तीस वर्षं झाली, पळतेच.

मोहफुलांचे दिवस होते ते, मी चौदा वर्षांची. फुलं वेचाले सोपं जावं म्हणून आपण झाडाखालचा पालापाचोळा जाळून ठेवत होतो. त्या सकाळी मी जाळला, पाणी मारून विझवला, हात लावून पाहिला, मंगच टोपली उचलली. अन् घंट्याभरानं शेजारच्या काकूचं तणस पेटलं. बैलांचा वर्षभराचा चारा! तुम्ही धावत आले अन् साऱ्या गावासमोर माझ्या थोबाडीत मारली. "आग विझवाची अक्कल नाही, अन् मोहा वेचाले चालली!" मी किती सांगतलं. तुम्ही ऐकलंच नाही. दोन दिवसांनी काकू स्वतःच घरी आली. "भाऊजी, पोरीनं नाही जाळलं. चुलीतली राख मीच तणसापाशी फेकली होती. निखारा राह्यला असन."

आपल्या घरचा रिवाज तुम्हीच घातलेला. उपवासकाळात शुक्रवारी, ज्याचं मन दुखवलं त्याची आधी माफी मागाची, त्यानं "माफ केलं" म्हटलं का मंगच पुस्तक उघडाचं. त्या शुक्रवारी घर माणसांनी भरलं होतं. साऱ्यांसमोर मारलं म्हणून साऱ्यांसमोरच तुम्ही माझ्यापुढं हात जोडले. "चुकलो मी. माफ कर मले, बाई." मी भिंतीकडे पाहत राहिली. माय दातओठ खात म्हणाली, "बोल नं वं!" तुम्ही तिले थांबवलं. "राहू दे. जबरदस्तीची माफी मले नको." पुस्तक मायच्या हाती दिलं अन् उंबऱ्यावर जाऊन बसले.

मायचं वाचणं अडखळत. एकेका ओळीले ठेचा खाय बिचारी, अन् तुम्ही, सारं तोंडपाठ असून, चूप. पुढचे सारे शुक्रवार तसेच गेले, पुढच्या दोन वर्षांचेही. "माफ केलं" काहून म्हणत नाही, असं तुम्ही एकदाही विचारलं नाही. माझ्या सायकलीत हवा भरून देत होते, ताटात माझ्या आवडीची वांग्याची भाजी वाढत होते, अन् शुक्रवार आला का उंबऱ्यावर. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात तुमच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईस्तोवर सारं संपलं होतं.

फादरपाशी पापनिवेदनात मी इतकंच सांगतलं का मले राग लवकर सोडता आला नाही. ते म्हणाले, लेकरू होती तू, देव समजते. देवासमोर बसून खोटं बोलली मी, बाबा. खरं काय ते इथं लिहिते, अन् हा कागद कोणाले दाखवाचा नाही. राग तर तुम्ही हात जोडले तेव्हाच गेला होता. तिथंच माफ केलं होतं मी. पण एवढा मोठा माणूस माझ्या एका शब्दासाठी उंबऱ्यावर बसते, हे पाहाले मले बरं वाटत होतं.