वीतभर दोरा

प्रिय धाकट्या,

आधी एवढं वाच: तुझी मादी जिवंत आहे आणि तिचा पायही वाचला. शिव्या द्यायच्या असतील तर पत्र संपल्यावर दे.

तू फिंच पक्ष्यांच्या जोडीचा पिंजरा ठेवून गेलास, तेव्हा मी तोंडदेखलं हो म्हटलं होतं. शिलाई मशीनची खडखड कमी होती म्हणून त्यात या दोघांची दिवसभर पिपाणी! पहिला आठवडा दाण्यांची वाटी भरलेली बघून मी निर्धास्त. समोरच्या इस्त्रीवालीने फुंकर मारून दाखवलं, तेव्हा कळलं की वर नुसती टरफलं आहेत. अशी ओशाळले म्हणून सांगू!

मग त्यांनी घरटं बांधायला घेतलं. नर काथ्याचा तुकडा न्यायचा, मादी तो खाली टाकायची. मला त्याची कीव आली. म्हटलं, शिवणारणीच्या घरात सामानाची टंचाई? शाळेच्या गणवेशांचे उरलेले दोरे, चांगले वीत वीतभर, मूठभरून पिंजऱ्यात टाकले. नर हरखूनच गेला आणि मी स्वतःवर खूश. चालतील का, असं कुणाला विचारायचं सुचलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मादी घरट्याच्या तोंडाशी उलटी लोंबकळत होती. पायाला निळ्या दोऱ्याचे वेढे, पाय सुजलेला. चाळीस वर्षं दोरे कापतेय रे, पण तेव्हा कात्री सापडेना, आणि ती माझ्या गळ्यातच अडकवलेली. मुठीत घेतलं तर तिचं वजन कळेना, नुसती धडधड. वेढे कापले, पण एक मांसात रुतला होता, तो जनावरांच्या डॉक्टरांनी काढला. म्हणाले, पाय काळा पडला तर गेला समजा. दहा दिवस बघा.

ते दहा दिवस माझे मला ठाऊक. तू फोनवर विचारायचास आणि मी मजेत आहेत म्हणून ठोकून द्यायचे. मादी पुठ्ठ्याच्या खोक्यात निजलेली, नर पिंजऱ्यातून तिला हाका मारतोय. तू मला जे विचारलं होतंस, त्याला नाही म्हणायचं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

आज दुपारी कॉलर लावत होते, खोक्यात खुडबुड झाली. बघते तर बाईसाहेब काडीवर दोन्ही पायांनी उभ्या! एक नख गेलंय, बोट जरा वाकडं आहे, पण पकड घट्ट. पिंजऱ्यात सोडली तर आधी नवऱ्याला चोच मारली, मग त्यालाच चिकटून बसली. मी मशीनवर डोकं टेकून अशी रडले की इस्त्रीवाली धावत आली.

आणि आता खरं सांगते. बोटीवरच्या नोकरीला निघशील तेव्हा तुझ्या लेकीला, छकुलीला वर्षभर माझ्याकडे ठेवू का, असं तू विचारलंस आणि मी कामाचं निमित्त काढून महिना ढकलला. काम कसलं, भीती होती. मी कधी मूल सांभाळलेलं नाही, आणि आईविना पोर ती. माझ्या हातून तिला काही झालं तर? भीती अजून आहे. पण चुकले तरी मी हात झटकून पळत नाही, एवढं मला कळलं. तेव्हा तिला काय आवडतं, कशाला घाबरते, कुठलं औषध सोसत नाही, सगळं कागदावर लिही. ताईला यातलं काही म्हणजे काही येत नाही, असं धरून लिही. आणि पाठव तिला.

तुझीच,
ताई