साठातला एक भाग

१२ एप्रिल

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

नातू सुट्टीत आठ दिवस एकटा येणार म्हणून तुझे बाबा आत्तापासून उड्या मारताहेत. गुडघा दुखतो हे विसरलेच. पहिल्या रात्री कोंबडी करीन, नंतर चॉकलेटचा केक. आपल्या यहुदी नियमात मांसाच्या जेवणावर दूध चालत नाही, म्हणून धर्माला चालतं असा कोशेरचा शिक्का आणि ‘दूध नाही, मांस नाही’ असं छापलेलंच चॉकलेट आणलंय. त्याच्या दुधाच्या ॲलर्जीचाही प्रश्न मिटला. तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस!

जावईबापूंना आशीर्वाद. खुशाली कळवत जा.

तुझी आई

१७ एप्रिल

ती. आईस सा. न. वि. वि.

ते चॉकलेट त्याला देऊ नकोस. पाकिटामागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाच: दुधाचा अंश असू शकतो. त्याच यंत्रांवर दुधाचं चॉकलेटही बनतं. चुकून साठातल्या एका भागाहून कमी दूध मिसळलं तर आपला नियम माफ करतो, हे तूच मला शिकवलंस. त्याचा घसा नाही गं माफ करत. गेल्या वर्षी एका बिस्किटानं त्याचे ओठ सुजले, श्वास अडकला, ते तू पाहिलं नाहीस. रागावू नकोस, पण त्याला पाठवायला माझं मन धजत नाही. तो मात्र बॅग भरून बसलाय.

बाबांना म्हणावं, उड्या बेतानं. माया आहे तशीच राहू दे.

तुझी बबडी

२४ एप्रिल

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

रागावले होते, खोटं कशाला सांगू? दोन दिवस बाबांशी धड बोलले नाही. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष! मग चष्मा लावला. अक्षरं होती. ते चॉकलेट बाबांनी फस्त केलं.

दुसरं मिळालं, त्यात दुधाचा अंशही नव्हता, पण कोशेरचा शिक्का नाही. ते माझ्या भांड्यात कसं घालू? शेवटी साधी कोको पूड घेतली. तिच्यावर शिक्का आहे, आणि त्या कारखान्यात दूध येतच नाही असं कंपनीतल्या बाईंनी फोनवर सांगितलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, त्या वैतागल्या. वैतागू देत. घरातली दुधाची भांडीही कपाटात बंद केलीत. बाबा कोरा चहा पितात आणि मी विष कालवल्यासारखं तोंड करतात.

तरी तुझा जीव थाऱ्यावर येणार नाही, जाणते. तेव्हा त्याला तूच घेऊन ये, एक दिवस राहा. श्वास अडकला तर द्यायचं त्याचं ते इंजेक्शन कसं टोचायचं ते मला शिकव. माझा हात कापतो का बघ. कापला, तर त्याला परत घेऊन जा. मी हूं की चूं करणार नाही.

लोभ तर आहेच, भरवसा येऊन ठरव.

तुझी आई