बांगडीचा गोल

सुरत, मंगळवार, मार्च १९९५

एमएस्सीची वर्गमैत्रीण वसुधा अमेरिकेहून आली आणि तिने माझीच बांगडी मागून कागदावर गोल काढला. म्हणे, "हा डीएनए. यात एचआयव्हीचा तुकडा घालून आधीच लागण झालेल्यांना टोचायचा. मग शरीरच लढायला शिकेल." एमएस्सीला पहिली मी आले होते! आणि इथे सरकारी दवाखान्यात रक्त तपासतेय.

ह्यांनी विचारलं, "गुण येतो का?"

"अजून उंदरांवरच चाललंय. माणसांत जमेल की नाही, कोण जाणे."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

बांगडी परत हातात चढवताना सकाळचा कडोदऱ्याच्या यंत्रमागावरचा कारागीर आठवला. एचआयव्हीची लागण झाल्याचा रिपोर्ट घेऊन उभा होता. "ताई, औषध निघंल ना?"

मी ऐटीत म्हणाले होते, "निघेल की. माझी मैत्रीणच शोधतेय."