कोयरीचे कागद

३ मार्च, मंगळवार

नोटीस आली! तबेल्याच्या दारावर चिकटवलेली होतीच, मालकाने वर हातातही दिली. एकतीस तारखेपर्यंत जागा रिकामी करायची. जागा विकली गेली. आठ घोडे आहेत, सातांची सोय झालेली. राहिली आमची कोयरी.

नदीपलीकडच्या तबेल्यात एक ठाण मोकळं आहे. तिथली मालकीण फोनवर साखर पेरल्यासारखी बोलली – "आणा ना, ऐसपैस जागा आहे. फक्त ओळखपुस्तिका तेवढी आणा." आली का पंचाईत! ओळखपुस्तिका म्हणजे घोड्याचं सरकारी पुस्तक. अंगावरच्या खुणा, नंबर, मालकाचं नाव. ती नसेल तर ट्रकवाला घोडा चढवत नाही आणि नवा तबेला दारात उभं करत नाही. कागद नसलेलं जनावर आधी कोंडवाड्यात, मग लिलावात.

मामाला विचारलं, कोयरीचे कागद आहेत का? अर्धांगाचा झटका आल्यापासून मामाकडे दोनच शब्द उरलेत – 'हां' आणि 'छे'. म्हणाला, "हां." कुणाकडे? तर डाव्या हाताचं बोट माझ्या छातीवर टेकवलं. म्हणजे तूच बघ. बघतेच आहे की! मी नाही तर कोण बघणार!

४ मार्च, बुधवार

ट्रंक, कपाट, गादीखाली, देवळीत, पिठाच्या रिकाम्या डब्यात. सापडलं काय – तीन तुटके लगाम, दोन नाल आणि माझं चौथीचं प्रगतिपुस्तक. गणितात काठावर पास. मामाने ते पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवलंय! घोडीचे कागद मात्र नाहीत.

६ मार्च, शुक्रवार

नोंदणी कार्यालय. दुसरा मजला, शेवटची खोली. तिथल्या बाईंना दोन चष्मे – एक डोळ्यांवर, एक डोक्यावर, आणि तिसरा त्या शोधत होत्या. त्यांनी अर्ज दिला. मी सही करून परत दिला.

"वाचलात?"

"नाही."

"न वाचता सही करणारे रोज येतात माझ्याकडे. पुढच्या वर्षी रडत येतात." अर्ज परत ढकलला. "आणि हा कायमच्या पत्त्याचा रकाना कोण भरणार, मी?"

काय लिहू? मामाला झटका आला म्हणून आठ दिवसांसाठी आले होते. दीड वर्ष झालं. बॅग अजून खाटेखालीच आहे. तात्पुरत्या पत्त्यात मामाचं घर लिहिलं, कायमचा कोरा ठेवला. बाई नाराज झाल्या, पण अर्ज घेतला.

नवी नोंद करायला खरेदीची पावती लागते. ती नाही. मग जुनी नोंद शोधायची. त्यासाठी डॉक्टरकडून घोडीच्या खुणांचा तक्ता आणायचा. बाईंनी हे सगळं मला स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. कडक आहेत, पण कामाच्या!

९ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाई ड्युटी संपवून आल्या. पोरगीच आहे. अर्धा तास कोयरीभोवती फिरत सगळं टिपलं – मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा, मानेवरचा भोवरा उजवीकडे, डाव्या फऱ्यावर जुना वण. कपाळावर पांढरी कोयरी, टोक डावीकडे वळलेलं. एकूण सहा खुणा. कोयरी मध्येच त्यांची वेणी चघळायला लागली, तरी रागावल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "आजोबांचा हात कसाय?"

तोच तर मुद्दा आहे. मामाचा उजवा हात झटक्याने गेला. वर्षभर मूठ आवळलेलीच. व्यायाम शिकवणारा थकला, मी थकले. मागच्या हिवाळ्यात मामाची चाकाची खुर्ची कोयरीजवळ नेली, तिने ती मूठ नाकाने ढोसली, आणि बोटं उघडली! माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून रोज सकाळी तासभर तो तिच्या मानेवरून हात फिरवतो. आता चमचा धरतो. कोयरी गेली तर हा हात पुन्हा मिटेल, एवढं मला कळतं. कागदोपत्री ते कुठे लिहायचं, ते कळत नाही.

१२ मार्च, गुरुवार

एक नोंद जुळता जुळता राहिली! बाईंनी जुनी रजिस्टरं खाली काढली होती. धुळीने शिंका येत होत्या, तरी उपसत होत्या. अकरा वर्षांपूर्वीची नोंद. तांबूस घोडी, वय तेच, खुणा सहाच्या सहा – पण पांढरा पाय उजवा. भोवरा डावीकडे. कोयरीचं टोक उजवीकडे. "अशी उलटी घोडी नसते," बाई म्हणाल्या. "ही दुसरी."

नाव काय, तर बिजली. आमच्या कोयरीचं नाव बिजली असेल तर मी विमान!

मालक कोण, विचारलं. "ते सांगता येत नाही. घोडी तीच ठरली तर सांगू. आणि सांगून काय उपयोग? दोनदा पत्रं पाठवली, दोन्ही परत. त्या पत्त्यावर राहत नाही म्हणे." काय माणसं असतात एकेक! घोडं नावावर करून घ्यायचं आणि पसार व्हायचं. पत्ता बदलला तर चार ओळी खरडून कळवायला काय धाड भरली होती?

बाईंनी मालकाचं नाव, पत्ता, सह्या कागदाच्या पट्टीने झाकून मला नोंदीची झेरॉक्स दिली. नियमात बसतं म्हणाल्या. बसवलं त्यांनी, मला कळलं.

१३ मार्च, शुक्रवार

पायाला भिंगरी लागलीय. घोड्यांचे तीन जुने व्यापारी पालथे घातले. शून्य.

१६ मार्च, सोमवार

मामाला झेरॉक्स दाखवली. बिजली म्हणताच "हां! हां!" करत खुर्चीत उसळला. म्हणजे ओळखतो! मग मालक कोण, मामा? विकणारा? तुझा कुणी दोस्त?

"छे."

मग कोण?

पुन्हा तेच – बोट माझ्या छातीवर. मी वैतागून म्हटलं, "शोधतेय रे बाबा, दहा दिवस तेच करतेय!" तर हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. माझा जीव टांगणीला आणि याला हसू सुचतंय.

पण किती दिवसांनी हसला! रागावण्याचं राहूनच गेलं.

१९ मार्च, गुरुवार

नालबंदकाका, तुम्हाला माझं आयुष्य लागो!

कोयरीचे नाल बदलायला आले होते. सहज झेरॉक्स दाखवली. त्यावर खुणा लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव वाचून हातोडी खाली ठेवली. "अगं, हा तर आमचा लांबूनवाला!"

लांबूनवाला कोण? तर जुना सरकारी डॉक्टर. गेला बिचारा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात घोड्याची लाथ बसली होती. तेव्हापासून घोड्याच्या मागे किंवा बाजूला म्हणून जायचा नाही. तोंडासमोर दहा पावलांवर उभा राहायचा आणि तिथूनच खुणा लिहायचा. "आता तूच सांग, पोरी. घोडा तुझ्याकडे तोंड करून उभा, तर त्याचा डावा पाय तुझ्या कुठल्या बाजूला?"

उजव्या! लिहायचा असतो घोड्याचा डावा-उजवा, हा स्वतःचा लिहायचा. नोंदीतला प्रत्येक उजवा डावा केला, डावा उजवा केला. सहाच्या सहा जुळल्या! मी काकांच्या पायाच पडले. ते म्हणाले, "खिळे आहेत तिथे, जपून."

मग सायकलीवरून घरी जाऊन त्यांनी जुनी वही आणली. काका पहिल्यांदा नाल मारतात तेव्हा प्रत्येक खूर कागदावर टेकवून पेन्सिलीने कड आखतात, खाली तारीख, नाव, पायाचा रंग. चाळीस वर्षांच्या वह्या आहेत! अकरा वर्षांपूर्वीचं पान – 'बिजली, मामाकडची. मागचा डावा पांढरा.' आणि पुढच्याच महिन्यात बिजली खोडून कोयरी. "महिनाभरात चाल बघितली ना तिची," काका म्हणाले.

हिचं नाव खरंच बिजली होतं. मला विमान व्हावं लागणार.

२० मार्च, शुक्रवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कालचा आनंद उतरला आणि मग डोक्यात आलं – घोडी तीच ठरली, तर ती कागदावरच्या मालकाची! मामा मालक असता तर पत्रं परत कशाला गेली असती? मामा तीस वर्षं याच घरात आहे. म्हणजे मामाने कुणाकडून तरी घेतली आणि नाव बदलायचं राहिलं. उद्या तो मालक उगवला आणि म्हणाला, द्या माझी घोडी, तर? नाही सांगितलं तर कोंडवाडा. सांगितलं तर हा अनोळखी माणूस. इकडे आड, तिकडे विहीर!

सकाळी मामाला सगळं समजावून सांगितलं. घोडी जाऊ शकते, मामा. सांगू का कचेरीत? त्याने उजवा हात उचलला – उजवा! – आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "हां."

त्याचा एवढा विश्वास बघून मलाच धीर आला.

२३ मार्च, सोमवार

काका वही घेऊन माझ्याबरोबर कचेरीत आले. धुतलेला शर्ट घालून! साहेब आधी ऐकेनात. "नालबंदाच्या वहीवर सरकारी नोंद बदलायची?" चष्मेवाल्या बाई उठल्या. न बोलता त्याच डॉक्टरच्या आणखी चार नोंदी काढून टेबलावर मांडल्या. काकांनी वहीतली त्याच घोड्यांची पानं उघडली. चारही उलट्या! साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "हा माणूस तीस वर्षं घोड्याच्या तोंडासमोर उभा होता?"

काका गंभीरपणे म्हणाले, "दहा पावलांवर."

साहेब हसले तेव्हाच जिंकलो. दुरुस्तीचा हुकूम उद्या निघणार. बाईंची जेवायची सुट्टी आमच्यापायी गेली. डबा तसाच बंद. मी आभार मानायला लागले तर म्हणाल्या, "उद्या अकराला या. मालकाचं नाव तेव्हाच कळेल."

या सगळ्यांचं मी काय केलंय म्हणून माझ्यासाठी एवढं करतात? घरी येऊन कोयरीला खरारा केला, दुप्पट वेळ. शेवटचाच असेल तर नीट असावा. रडले. तिने माझी ओढणी चघळली.

२४ मार्च, मंगळवार

मालक मीच आहे.

बाईंनी मूळ कागद पुढे ठेवला – नाव त्यांनी बारा तारखेलाच ओळखलं होतं, पण हुकमाआधी सांगणं नियमात बसत नव्हतं. माझं नाव. माझी घाईघाईतली सही – अकरा वर्षांपूर्वी मी शहरात निघाले, बस हॉर्न मारत होती आणि मामा खिडकीतून कागद पुढे करत होता. "यावर सही कर." केली, वाचलं नाही. खाली माझ्या शहरातल्या पहिल्या खोलीचा पत्ता. त्यानंतर चार खोल्या बदलल्या, एकही कळवली नाही. सांभाळणारा म्हणून मामाची सही.

घरी आले. मामा दारातच होता. मी तोंड उघडायच्या आत बोट पुढे केलं. मी ते दोन्ही हातांत धरलं आणि म्हटलं, "हो रे. कळलं."

बाईंनी पत्ता बदलण्याचा अर्ज दिलाय; तो भरला की ओळखपुस्तिकेची प्रत मिळणार, एकतीसच्या आत. कायमच्या रकान्यात हे घर लिहिलं. दोनदा वाचलं, मग सही केली.