दोन्ही लाइनी एकाच चेंबरमध्ये

प्रताप नगर, नागपूर
दि. ५ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
कामिनीचा सविनय जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. खोकला कमी आहे असं लिहिलंत, पण किती कमी ते लिहिलं नाहीत. पुढच्या वेळी नीट लिहा.

तुम्हाला ऐकू येईनासं झालं आणि आपली ही पत्रं सुरू झाली, त्याला आता तीन वर्षं होतील. मी दिवसभर इंटरनेट शिकवते आणि घरी येऊन बाबांना पोस्टाने पत्र लिहिते, यावर संस्थेत सगळे हसतात. मी घेऊन दिलेला मोबाइल तुम्ही शेजारच्या नत्थूदादांना देऊन टाकलात, हे त्यांना काय सांगू? दूध घालायला जाताना तुमचं टपाल नेणारे-आणणारे तेच, आणि काही अडलं तर मला फोन करणारेही तेच.

सदर भागातल्या आमच्या संस्थेत नवी बॅच आली आहे. नऊ जण आहेत, सगळे कुठे ना कुठे नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. हिंगण्याच्या एका कारखान्यातला अश्विन पहिली पाळी सुटली की मोटारसायकलवर तसाच वर्गात येतो. सर्व्हरच्या खोलीला बाहेरच्या इंटरनेटशी कसं जोडायचं, याचा आराखडा करायला मी शिकवते. पहिला नियम असा की एकाच लाइनीवर विसंबायचं नाही. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घ्यायच्या, म्हणजे एक पडली तरी काम दुसरीवर चालू राहतं. अश्विनने त्याच्या कारखान्यासाठी फार सुरेख आराखडा काढला. मी दहापैकी दहा दिले.

बाकी माझं ठीक. सोमवारी वर्गातलं पहिलं वाक्य मात्र घोगरं निघतं, कारण शनिवार संध्याकाळपासून मी कुणाशी बोललेलीच नसते. म्हणून हल्ली कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजते. हसू नका.

तब्येतीला जपा आणि माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
कामिनी

---

पिंपळखुटा, ता. उमरेड
दि. १० जानेवारी २०२५

चि. कामिनीस,
बाबांचे अ. आ.

खोकला रुपयात बारा आणे कमी आहे. झालं समाधान?

दहापैकी दहा तू घाईने दिलेस. टेलिफोन खात्यात मी अडतीस वर्षं केबल जोडल्या, तेवढ्या अधिकाराने लिहितो. सत्त्याऐंशी साली आम्ही एका गावाला दोन केबल दिल्या. एक बिघडली तर दुसरी आहे म्हणून साहेब खूश होते. पावसाळ्यात नाल्यावरची पुलिया वाहून गेली आणि दोन्ही एकदम मुक्या झाल्या, कारण दोन्ही त्याच पुलियाखालून नेल्या होत्या. नकाशावर रेघा दोन होत्या, जमिनीत वाट एकच होती.

तेव्हापासून रस्त्याखालच्या केबल-चेंबरचं झाकण उघडून पाहिल्याशिवाय मी कुठल्याच लाइनीवर सही केली नाही. त्या पोराला विचार, तू तुझ्या लाइनीवरून कधी पायी चालला आहेस का.

शिट्ट्या मोज, पण चारवर गॅस बंद कर. तुझा भात तुझ्या आईच्या वेळेपासून लगदा होतो.

तुझ्या पत्राची वाट पाहणं हा माझा धंदा झाला आहे, तो चालू ठेव.

तुझा,
बाबा

---

प्रताप नगर, नागपूर
दि. १९ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम, वि. वि.

काल अख्खी बॅच घेऊन हिंगण्याला गेले. कारखान्याच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत आम्ही केबलच्या वाटेने पायी चाललो. कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण कंपनीच्या माणसाकडून उघडवून घेतलं. आत दोन्ही कंपन्यांच्या केबल एकमेकींना चिकटून पडलेल्या होत्या. जेसीबीचा एक दात लागला असता तर कारखाना दिवसभर बंद. अश्विनचा चेहरा उतरला. म्हणाला की मॅडम, मी रोज याच झाकणावरून गाडी नेऊन राहिलो. त्याचे गुण मी चारवर आणले आणि माझ्या शिकवण्याचेही तेवढेच धरले. आता सगळ्यांना सांगते की आधी चाला, मग आराखडा काढा.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलात तुम्हाला ऐंशी पूर्ण होतील. बाबा, इकडे या. मधली खोली रिकामीच आहे. तुम्हाला काही झालं तर मला कळणार कसं, हा विचार वर्गात शिकवतानाही डोक्यात असतो. या वेळी नाही म्हणू नका.

आपली,
कामिनी

---

पिंपळखुटा
दि. २३ जानेवारी २०२५

चि. कामिनीस,
अ. आ.

मी येणार नाही. हा विषय पुन्हा काढू नको.

मला ऐकू येत नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे. विहारात कुणी ना कुणी खांद्याला हात लावून मला खुणेने सांगतं. तुझ्याकडे ते रोज नव्या माणसाला समजवावं लागेल, आणि तू सकाळी नऊला गेलीस की संध्याकाळपर्यंत मी तुझ्या त्या राउटरचे दिवे बघत बसायचं.

मला काय झालं तर कळेल कसं, म्हणून विचारतेस. पत्र आहे, मोबाइल आहे, वर शेजारी हाडामांसाचा नत्थू आहे. एकाला तीन लाइनी आहेत. तुझ्या कारखान्यालाही एवढ्या नसतील.

बाबा

---

प्रताप नगर, नागपूर
दि. १ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र वाचून राग आला, म्हणून चार दिवस लिहिलं नाही. मग राहवेना, तेव्हा फोन लावला. तीन दिवस झाले, मोबाइल बंदच आहे. माझा फोन घेऊ नका असं तुम्हीच नत्थूदादांना सांगितलं असणार, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. येऊ नका हवं तर, पण दोन ओळी तरी लिहा.

कामिनी

---

पिंपळखुटा
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. कामिनीस,
अ. आ.

दहा दिवस झाले, तुझं पत्र नाही. म्हाताऱ्या बापाने एक गोष्ट ऐकली नाही तर एवढं रुसायचं? तुझी आईसुद्धा तीन दिवसांच्या वर रुसत नव्हती. मला थोडी कणकण आहे, विशेष नाही. नत्थूच्या दाराला कुलूप दिसतं, कुणाच्या लग्नाला गेला असेल. हे पत्र त्याच्या दाराच्या फटीत खोचून ठेवतो, आला की टाकेल.

माझं चुकलं असेल तर तसं लिही, पण लिही.

बाबा

---

प्रताप नगर, नागपूर
दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम, वि. वि.

काल मी तुमच्यापुढे उभी राहिले तेव्हा तुम्ही ओट्यावर मिरच्यांचे देठ काढत होतात. मला पाहून तोंड फिरवलंत. मग उठायला गेलात आणि मांडीवरच्या मिरच्या सांडल्या. पाटीवर खडूने लिहून लिहून आपलं जे बोलणं झालं, ते पुरलं नाही, म्हणून हे पत्र. उशाशी तापाच्या गोळ्यांची रिकामी पट्टीही मी पाहिली. अंगात पाच दिवस ताप होता आणि तुम्ही कणकण लिहिता.

आज नत्थूदादांना भेटून आले. हर्नियाचं दुखणं अचानक वाढलं म्हणून मुलाने त्यांना २४ तारखेला नागपूरला आणलं. माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर ते खाटेवर पडून होते आणि तुमचा मोबाइल उशीखाली बंद पडला होता. मला पाहून रडले. म्हणाले की पोरी, म्हाताऱ्याले सांगाचं राहूनच गेलं वं.

माझं पत्र पोस्टात त्यांची वाट पाहत पडलं होतं. तुमचं त्यांच्या दाराच्या फटीत होतं, ते मीच काढून वाचलं. तीन लाइनी तुम्ही मोजल्यात आणि मीही मान डोलावली. पत्र नत्थूदादांच्या हाती, मोबाइल नत्थूदादांच्या खिशात, आणि तिसरे नत्थूदादा स्वतः. सगळं एकाच चेंबरमधून. तुम्ही अडतीस वर्षं केबल जोडल्या, मी अठरा वर्षं शिकवते आहे, पण आपण दोघं झाकण न उघडता एकमेकांवर रुसून बसलो.

या म्हणून आता हट्ट करणार नाही. खांद्याला हात लावणारी माणसं मी काल डोळ्यांनी पाहिली. पण दुसरी वाट काढा. मला फार भीती वाटली, बाबा.

आपली,
कामिनी

---

पिंपळखुटा
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. कामिनीस,
बाबांचे पोटभर आशीर्वाद.

वाट काढली. अंगणवाडीची सरिता रोज उमरेडहून गाडीवर येते. ती माझं पत्र तिकडे टाकेल आणि तिच्या पत्त्यावर आलेलं तुझं घेऊन येईल. नत्थू घरी आला आहे, बरा झाला की त्याचंही चालू राहील. तो पोस्टाकडे जातो, ही उमरेडकडे. फाट्यापर्यंत मी स्वतः चालून पाहिलं, दोन्ही वाटा कुठेच एकत्र येत नाहीत. मोबाइल आता माझ्या खिशात असतो. मेसेज वाचता येतो, लिहायला अंगठा अजून ऐकत नाही. सरिता म्हणते की आजोबा, शिकून राहिले ना तुम्ही, होऊन जाईल.

माझं झालं. आता तुझं सांग. मला सोडून तुझी दुसरी लाइन कोणती? विचार करून लिही. मी काही कायमचा नाही.

तुझा,
बाबा

---

प्रताप नगर, नागपूर
दि. २ मार्च २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम, वि. वि.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मी दोनदा बसले. एकही नाव सुचलं नाही, म्हणून पत्र लांबलं. पण तुम्हाला कुठला धीर.

गुरुवारी सकाळी सातला दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या गोपिकाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात तुमचं अक्षर. मागे डोळ्याच्या ऑपरेशनला तुम्ही माझ्याकडे आठ दिवस आलात, तेवढ्यात तुम्ही त्यांची ओळख करून घेतली होती. मी सहा वर्षांत केली नाही. त्यांनी पत्र मला वाचायला दिलं. माझी मुलगी वर एकटी आहे, तिला माझ्याशिवाय कुणी नाही, रोज सकाळी एक हाक मारत जा, एवढंच तुम्ही लिहिलं होतं. मला आधी लाज वाटली, मग तुमचा राग आला. हे पत्र तुम्ही तुमच्या नंतरसाठी लिहिलं आहे, हे कळलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच रडले. त्यांनी चहा टाकला, माझ्याच स्वयंपाकघरात. म्हणाल्या की कुकरच्या वेळेला वरून आकडे ऐकू येतात, मले वाटे कोनी लेकरू पाढे शिकून राहिलं.

शुक्रवारी आणि काल हाक आली, मी ओ दिली. आज सातला आली नाही. दहा मिनिटं वाट पाहिली आणि मीच खाली गेले. त्यांचा गुडघा सुजला होता, जिना चढवत नव्हता. कुणी विचारायला येईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. दुपारपर्यंत तिथेच होते. भातही तिथेच केला, शिट्ट्या दोघींनी मोजल्या, तरी लगदा झाला.

माया असू द्या, आणि तुम्ही पुष्कळ दिवस असा.

आपली,
कामिनी

ता. क. त्यांना तुमच्या पत्राचं उत्तर लिहायचं आहे, पण चष्मा सापडत नाही, म्हणून उद्या मी लिहून देणार आहे. तुम्ही त्यांना लिहाल तेव्हा पत्ता माझाच घाला, फक्त वर तळमजला लिहा.