मोठ्या मापाचा पट्टा

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपार

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. आईच्या गुडघ्याला तू सांगितलेला व्यायाम मीच करून घेतो. पाय उचलताना ती कंबरही उचलते, तेवढं बघावं लागतं. आपल्या व्यायामशाळेचं छत रंगवून झालं. रंगाऱ्याने कोपरे सोडले होते, ते मी शिडीवर चढून पुरे केले.

परवा फोनवर तुटक बोललो. व्यायामशास्त्राची पदवी घेऊन तू इथलं सांभाळशील, असं मी धरून चाललो होतो. तू म्हणालीस, "बाबा, तुमच्याकडे येतात ते येणारेच. मला न येणाऱ्यांसाठी काम करायचंय. सार्वजनिक आरोग्यात."

"म्हणजे लोकांना चाला म्हणून सांगत दारोदार फिरणार? त्याला कॉलेज कशाला लागतं?" असं म्हणून मी फोन ठेवला. मी कॉलेज न बघता, शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकांतून शरीरशास्त्र शिकलो, त्यामुळे कॉलेजचं नाव निघालं की जीभ जरा सैल सुटते.

तू दिलेलं रक्तदाबाचं यंत्र रोज वापरात आहे. पद्धत चोख: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, तोंड बंद. रोज व्यायामाला येणारे आमचे पोस्टमास्तर तेवढे गप्प बसत नाहीत. मागे त्यांनीच काढलं, "उस्ताद, आमचं रोज मोजता. तुमचं कधी?"

मोजलं. आकडा बराच वर.

"यंत्र घाबरलं वाटतं तुम्हाला," पोस्टमास्तर म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो. दंड जाड आणि पट्टा अपुरा असला की आकडा फुगून येतो, हे मी वाचलेलं आहे आणि ते खरंही आहे. सगळ्यांना समजावून सांगितलं, थोडं ऐटीतच. मग मोठ्या मापाचा पट्टा मागवला. औषधाच्या दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी?" म्हटलं, "आमच्याकडे एकाचे दंड जाड आहेत."

पट्टा आला. अगदी नीट बसतो.

तेव्हापासून सगळे गेले की मोजतो. या हाताला, त्या हाताला. आकडा खाली यायचं नाव घेत नाही. यंत्र बिघडलं म्हणावं, तर पोस्टमास्तरांचं नेहमीसारखंच येतं. एका जागी बसवत नाही. रांगेत लावून ठेवलेली वजनंच पुन्हा लावत बसतो. जिना चढताना डोकं जड होतं, ते मी नव्या रंगाच्या वासावर ढकललं होतं.

काल दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. आत बाकावर आमच्याकडचेच दोघे बसले होते. माझ्यासारखं राहा, डॉक्टरचं तोंड बघावं लागणार नाही, असं मी त्यांनाच सांगत आलोय. तसाच पुढे चालत राहिलो, आणि तुझं बोलणं आठवलं. न येणारे म्हणजे आळशी, एवढाच अर्थ मी लावला होता.

प्रवेशाचा अर्ज भर, तुला हवा तोच. आणि मला एक लिहून कळव: दारातून परत फिरलेल्या माणसाला आत कसं न्यायचं, हे तुमच्यात शिकवतात का? तुझ्या उत्तरासाठी मी थांबणार नाही. आईला अजून काही बोललो नाही, आज रात्री सांगतो, आणि उद्या तिलाच पुढे घालून आत जातो.

तू फोन मात्र करू नकोस. तुझा आवाज ऐकला, की मला काही झालेलं नाही असंच मी म्हणेन.

तुझा,
बाबा